बापू माइक

माइक दिसला की काही माणसं मागं सरतात, काही हळूच पुढं सरकतात. बापू या दोन्हींत बसत नाहीत. माइक यायच्या आधीच ते तिथं उभे असतात. मांडववाल्याची पोरं अजून खांब रोवत असतात, सतरंज्या गुंडाळलेल्याच असतात, आणि जिथं स्टेज होणार आहे त्या जागी बापू घसा खाकरत उभे असतात.

आमच्या कोल्हापूरच्या पेठेत त्यांना आडनावानं कुणी ओळखत नाही. 'बापू माइक' म्हटलं की रिक्षावालासुद्धा दारात आणून सोडतो. गणेशोत्सव, शिवजयंती, तालमीची फुटबॉलची मॅच, रक्तदान शिबिर, कुणाचा एकसष्टीचा सत्कार, कुणाच्या शोकसभेत 'दोन शब्द' (बापूंचे दोन शब्द चाळीस मिनिटं चालतात), हरवलेलं पोरगं, सापडलेली चावी, सगळं त्यांच्या गळ्यातून जातं. देणगी जाहीर करावी तर बापूंनीच. "रुपये पाचशे एक फक्त" यातल्या 'फक्त'वर ते असा काही जोर देतात की पावतीच्या रांगेत उभा असलेला पुढचा गृहस्थ निमूटपणे हजार एक काढतो.

माइक हातात आला की दोन फुंकरी, तीन टिचक्या आणि "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री". फुंकर मारली की साउंडवाल्या पोराचा चेहरा आंबतो. माइकच्या आत कागदाहून पातळ पडदा असतो, त्यावर तोंडातली हवा आणि ओल दोन्ही आदळतात. चांगल्या माइकची परीक्षा घ्यायची तर साधं बोलावं, नाहीतर जाळीवर हलकं नख फिरवावं. हे त्या पोरानं एकदा सांगून पाहिलं. बापू म्हणाले, "झोपल्याला असतोय त्यो. उठवाय लागतोय."

तर यंदा मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण झाली आणि स्मरणिका काढायचं ठरलं. पन्नास वर्षांचं सगळं तोंडपाठ असणारा माणूस एकच. पण बापूंना बोलायला सांगा, लिहायला सांगू नका. कागद पुढं आला की त्यांचा आवाजच बसतो. मग त्यांच्या नातवानं, जो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर इथंच ठेवून गेला, त्यानं फोनवर सांगितलं की आजोबा, लिहायचं कशाला, बोला. कॉम्प्युटर लिहून घेतो. गुगलनं २०१७ मध्ये बोलून टाइप करायच्या भाषांत मराठी घातली, ही बातमी बापूंच्या कानावर अशी यंदा आली, आणि ती त्यांनी वैयक्तिक सत्कार म्हणून स्वीकारली. "म्हंजे नुसतं बोलायचं? आणि त्यो लिवून घेणार? लेका, ह्यो तर माझाच कार्यक्रम झाला की!"

माझं डीटीपीचं दुकान त्यांच्याच बोळात असल्यानं पुढच्या सगळ्या कार्यक्रमाला मी प्रमुख पाहुणा होतो.

पहिल्या दिवशी बापूंनी मंडळाचा माइक आणला. वजनदार, लोखंडी, जाळीत कित्येक खंडेनवम्यांचं हळदकुंकू बसलेलं. त्याची पिन अंगठ्याएवढी जाड. कॉम्प्युटरच्या मागं गुलाबी भोक असतं ते तिच्या जेमतेम निम्म्याएवढं. बापूंनी त्यासाठी 'मोठ्याचं छोटं' करणारा जोड आधीच मिळवला होता. पिन बसली. दोन फुंकरी, तीन टिचक्या, हॅलो हॅलो. पडद्यावर एक अक्षर उमटेना.

"वायरीत लूज हाय कुठंतरी," बापू म्हणाले.

हे बापूंचं ठरलेलं निदान. बोळात लाइट गेली, नळाला पाणी आलं नाही, मतदार यादीत कुणाचं नाव सापडलं नाही, तरी वायरीत लूज असतं. मी सांगितलं की लूज नाही, जात वेगळी आहे. सभेचा माइक अगदी क्षीण वीज पाठवतो, काही मिलिव्होल्टच. ती मोठी करायला ॲम्प्लिफायर असतो. कॉम्प्युटरच्या भोकाला सवय असते ती चिमुकल्या माइकची, ज्याला कॉम्प्युटरच आतून थोडी वीज पुरवतो आणि जो त्या बदल्यात बऱ्यापैकी आवाज देतो. तेव्हा बापू या माइकवर कितीही गरजले तरी आत पोचतंय ते डासाच्या गुणगुणीएवढं.

ॲम्प्लिफायर हा शब्द मी काढायला नको होता असं कुणी म्हणेल. दुपारी येऊन पाहतो तर टेबलावर मंडळाचा ॲम्प्लिफायर, आणि भोंग्याकडं जाणारी वायर हातात धरून बापू त्या गुलाबी भोकाच्या दिशेनं निघालेले. चाळीस भोंग्यांचा जोर त्या बिचाऱ्या भोकात सोडला असता तर स्मरणिका शोकसभेनं सुरू झाली असती. मी वायर धरली. काकींनी, म्हणजे बापूंच्या बायकोनं, मेन स्विच बंद केला. काकींना अशा प्रसंगी काही सांगावं लागत नाही.

मग मोबाइलचा इअरफोन. त्याची पिन कॉम्प्युटरच्या भोकात बसते, म्हणून सगळे फसतात. नीट बघितलं तर तिच्यावर तीन काळी कडी दिसतात, म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, माइक आणि जमीन. कॉम्प्युटरला मात्र मागं दोन वेगळी भोकं, हिरवं ऐकायला आणि गुलाबी बोलायला, आणि दोन्हींना तीन-तीन भागांची पिन लागते. एक पिन घेऊन दोन भोकांपुढं उभं राहिलेल्या माणसाला दुकानात एका शेपटीची दोन टोकं झालेली छोटी वायर मिळते. ती आणली असती तर भागलं असतं. पण बापूंना बारीक माइकबद्दल मुळात आदर नाही. "मुंगीएवढं भोक हाय त्येला. त्यात माझा आवाज कुठं मावतोय?" शेवटी यूएसबीचा हेडसेट आणला, ज्यात पिनांचा प्रश्नच मिटतो. तो डोक्यावर चढवून बापू बसले तेव्हा थेट हेलिकॉप्टर उडवणार असं वाटत होतं. काकी दारात येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

तरी अक्षर नाही.

आता ब्राउझर. वरच्या कोपऱ्यात त्यानं अदबीनं विचारलं होतं की माइक वापरू का. बापूंना बँकेचे इतके मेसेज येतात, की कुणीही परवानगी मागितली की ते नाही म्हणतात. तसं त्यालाही नाही म्हणून ठेवलेलं. पत्त्याच्या शेजारी माइकच्या चित्रावर काट मारलेली दिसत होती. ती काढली. भाषा इंग्रजीवर राहिली होती. 'बंधू आणि भगिनींनो'चं त्यानं एक सबंध इंग्रज कुटुंब करून टाकलं. ती मराठीवर आणली. आणि आता अक्षरं यायला लागली, पण ती बापूंच्या तोंडची नव्हती. कुणाचीच नव्हती. अधूनमधून एखादा शब्द, मग काही नाही.

"लूज," म्हणून बापूंनी हेडसेट उतरवला आणि टेबलाखाली गेले.

त्याच वेळी दारात भाजीवाली आली. काकी तिच्याशी बोलल्या, तीन-चार मिनिटं, नेहमीच्या आवाजात. बापू टेबलाखालून धूळ झटकत वर आले तेव्हा पडद्यावर, एकही चूक नसलेलं, स्मरणिकेचं पहिलं वाक्य तयार होतं: 'किलोभर वांगी दे पण किडकं निघालं तर सगळी परत आणून देणार'.

बापूंनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "ती माइकवर बी नव्हती," ते म्हणाले. असा दुखावलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

उलगडा साधा होता. मॉनिटरच्या डोक्यावर नातवाचा वेबकॅम होता, टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांपासूनचा, आणि वेबकॅमलाही स्वतःचा माइक असतो. कॉम्प्युटरला तीन माइक जोडा, दहा जोडा, तो ऐकतो एकाचंच. कुणाचं ते साउंडच्या सेटिंगमध्ये 'इनपुट'खाली ठरतं. हेडसेटच्या माइकवर नख फिरवलं तर तिथली निळी पट्टी ढिम्म. वेबकॅमवर फिरवलं की टुणकन उडाली. माइक बिघडला म्हणून नवा घेणाऱ्या निम्म्या लोकांनी आधी एवढं नख फिरवलं तर त्यांचे पैसे वाचतील, असं माझं दुकानात बसून झालेलं मत आहे. मी इनपुट बदललं. पट्टी हेडसेटवर नाचायला लागली.

ही पट्टी बापूंना फार आवडली. इतकी वर्षं बोलताना समोर माणसं असायची. माणसं हललेली बापूंनी क्वचितच बघितली होती. इथं प्रत्येक शब्दाला काहीतरी हलत होतं. मग अर्थात ती शेवटपर्यंत गेली पाहिजे! त्यांनी पातळी शंभरावर नेली, ओठ माइकला टेकवले आणि 'सन्माननीय' म्हटलं. पट्टी भिंतीला धडकली. आवाज मापाबाहेर गेला की त्याच्या लाटांचे शेंडे छाटले जातात, आणि शेंडे छाटलेल्या आवाजात 'स' कुठला नि 'न' कुठला हे कॉम्प्युटरला कळत नाही. शिवाय ओठ टेकवले की 'प', 'फ', 'भ' यांच्याबरोबर सुटणारा वारा सरळ पडद्यावर जातो. माइक ओठांसमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब. हे मी रोज सांगत होतो. रोज सकाळी माइक पुन्हा बापूंच्या तोंडात असायचा.

पातळी साठ-सत्तरवर आणली, पंखा बंद केला, कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळली. आता यंत्राची एकही सबब उरली नाही. आणि बापू बोलू लागले.

"मंडळाऽऽचे... आधाऽऽरस्तंभ... सन्माऽऽननीय... माजीऽऽ अध्यक्ष..."

पडद्यावर आलं: 'मंडळाचे आधार कार्ड सन्मान निधी माझी अध्यक्ष'.

इथं कॉम्प्युटरची बाजू थोडी मांडली पाहिजे. तो नुसता कानानं ऐकत नाही, अंदाजानंही ऐकतो. आवाज जिथं संदिग्ध असतो तिथं मागच्यापुढच्या शब्दांवरून, लोक सहसा काय बोलतात ते बघून भरतो. 'आधार'नंतर बापूंनी श्वास घेतला. हल्ली देशात 'आधार'नंतर बहुतेक वेळा काय येतं ते तुम्हीच सांगा. मंडळाचे खजिनदार मात्र ते 'सन्मान निधी' वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. त्यांना वाटलं, बापूंना जुन्या हिशेबातलं काही माहीत आहे.

वाक्य संपलं की बापू मोठ्यानं 'पूर्णविराम' म्हणायचे, कारण नातवानं फोनवर सांगितलं होतं की विरामचिन्हं तोंडानं बोलायची. इंग्रजीत ते चालतं. मराठीत त्या पठ्ठ्यानं प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'पूर्णविराम' असं अक्षरात लिहून ठेवलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'हॅलो हॅलो माइक टेस्टिंग वन टू थ्री' होतंच. आणि सगळ्यात जीवघेणी गोष्ट म्हणजे टाळ्या. बापू मोठ्या नावानंतर टाळ्यांसाठी थांबतात. काही वेळ शांतता झाली की व्हॉइस टायपिंग आपोआप बंद पडतं. बापू टाळ्या संपल्यावर पुन्हा सुरू करायचे, दहा-दहा मिनिटं बोलायचे, आणि मग लक्षात यायचं की कॉम्प्युटर केव्हाच सभागृह सोडून गेलाय.

हे सगळं बघून हसणं सोपं आहे, पेठ हसलीच. पण बापू असं का बोलतात याला कारण आहे आणि ते कारण पक्कं आहे. मैदानात चार कोपऱ्यांना चार भोंगे असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या भोंग्याचा शब्द जवळच्या भोंग्याच्या शब्दानंतर पाव सेकंदाहून उशिरा कानात पडतो, समोरच्या इमारतीवर आपटून आणखी एकदा येतो. तिथं सलग बोलणारा माणूस म्हणजे नुसता गलका. एक शब्द सोडायचा, तो चारी भोंग्यांतून विरू द्यायचा, मग दुसरा सोडायचा. स्वर लांबवायचे, कारण भोंग्यातून व्यंजनं तशीही धड जात नाहीत. हे बापूंना कुणी शिकवलं नाही. जत्रेत चुकलेल्या पोरांच्या आयांपर्यंत 'निळा शर्ट' पोचवता पोचवता ते त्यांच्या गळ्यानं आपलं आपण शोधून काढलं. ती कला होती. फक्त ती भोंग्याची कला होती, आणि समोर भोंगा नव्हता.

शिवाय बापू चुकले ते थोड्या वर्षांनीच. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९५२ साली 'ऑड्री' नावाचं यंत्र केलं होतं; पुरुषभर उंचीचा त्याचा सांगाडा, आणि ओळखायचं काय, तर शून्य ते नऊ आकडे, तेही प्रत्येक आकड्यानंतर थांबून बोललं तर. आयबीएमनं १९६२ साली सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात 'शूबॉक्स' मांडला, त्याला सोळा शब्द कळत. १९९० मध्ये बाजारात आलेल्या 'ड्रॅगन डिक्टेट'लाही प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. सलग, घरातल्यासारखं बोललेलं समजून घेणारा 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' आला १९९७ मध्ये. म्हणजे शब्द सुटा करून, श्वास घेऊन, पुढचा शब्द उचलणारे बापू हे १९९० च्या यंत्राचं आदर्श गिऱ्हाईक होते. आजची यंत्रं लोकांच्या साध्या बोलण्यावर पोसलेली. त्यांना भाजीवालीशी बोलणाऱ्या काकी कळतात.

बापूंना हे मी सांगितलं तेव्हा ते गप्प बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत कोण बोललं न्हाई मला."

खरं आहे. कोण बोलणार? गर्दीला बापूंचा आवाज कळायचा, शब्द कळले का हे कुणी तपासलंच नाही. महाप्रसाद सुरू झाला की लोक उठायचे, तो बापूंनी जाहीर केला म्हणून की वास आला म्हणून, याचा हिशेब कुठं लिहिलेला नाही. हा पहिला श्रोता असा भेटला, की जो ऐकतो आणि काय ऐकलं ते लगेच लिहून समोर धरतो.

दोन दिवस हेडसेट खिळ्याला टांगलेला होता. तिसऱ्या दिवशी गेलो तर मांडणी बदललेली. बापू बाहेरच्या खोलीत, उभे, हातात मंडळाचा लोखंडी माइक. त्याची पिन कशालाच जोडलेली नव्हती. आत टेबलाशी काकी, डोक्यावर हेडसेट, समोर निवडायला घेतलेली मेथी. बापू बाहेरून एक परिच्छेद गाजवायचे. काकी ऐकायच्या, मेथीची एक जुडी संपवायच्या आणि तेच आपल्या भाषेत, खालच्या पट्टीत, सांगून टाकायच्या. पडद्यावर अक्षरं सुरळीत धावत होती.

काकींना माहीत नसेल, पण जगात या कामाचा पगार मिळतो. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या थेट कार्यक्रमांना उपशीर्षकं देणारी माणसं हेच करतात: कानात निवेदकाचा आवाज, तोंडानं तेच पुन्हा, सपाट स्वरात, आणि कॉम्प्युटर त्यांचं ऐकून लिहितो. 'रीस्पीकिंग' म्हणतात त्याला. मैदानातल्या आरडाओरड्यात समालोचक कितीही किंचाळला तरी यंत्राला एकच शांत, ओळखीचा आवाज ऐकू येतो.

फरक एवढाच की त्या माणसांनी शक्यतो जे ऐकलं तेच म्हणायचं असतं. काकींवर असं बंधन नव्हतं. बापूंचं 'ज्यांच्या वाणीतून साक्षात सरस्वती प्रसवते असे आपले सर्वांचे लाडके' वगैरे अडीच मिनिटं चालायचं. आत काकी म्हणायच्या, 'मग अध्यक्ष बोलले'. बापूंनी एका वर्षीच्या मिरवणुकीचं वर्णन करता करता चहा थंड केला. कागदावर आलं, 'त्या वर्षी पाऊस लई होता, मूर्ती प्लास्टिक गुंडाळून नेली, ट्रॅक्टर बोळात अडकला तेव्हा डिझेलचे पैसे कुणी दिले यावरून भांडण झालं'. भांडण बापूंच्या भाषणात नव्हतं. डिझेलचे पैसे कुणी दिले हेही पुढं नावानिशी होतं.

मी फक्त स्वल्पविराम घातले.

स्मरणिकेचं प्रूफ घेऊन गेलो त्या संध्याकाळी बापू चष्मा लावून पानं उलटत होते. खूश होते. "बग लेका, माझा आवाज कसा उतरलाय," म्हणत होते. सोळाव्या पानावर थांबले. तिथं एक अख्खं पान होतं: पन्नास वर्षं महाप्रसादाचा स्वयंपाक कुणी केला, भल्या पहाटे उठून भात कुणी चढवला, भांडी कुणी घासली, आणि यांतल्या एकीचंही नाव आजवर स्टेजवरून घेतलं गेलं नाही. खाली नावं. एकवीस बायकांची.

बापूंनी पान खालीवर केलं. आतल्या दिशेनं आवाज चढवून विचारलं, "आगं, हे मी कुठं बोललो?"

काकी फोडणी देत होत्या. वळल्या नाहीत.

"वायरीत लूज असंल कुठंतरी," त्या म्हणाल्या.